उंबरा नसलेली खोली

"रेत! रेत बोल रहा हूँ... अरे समंदरवाली नहीं, करुणाकरनजी! समंदरवाली रेत लगाओगे तो दीवारें जिंदगीभर रोएँगी!"

एसटीडी बूथच्या काचेआड एक भिजलेला माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि बाहेर रांगेतली माणसं आपापली घाई विसरून कान देऊन ऐकत होती. जानेवारीतला मावठ्याचा पाऊस अवचित कोसळत होता. माधवनगरातल्या पागनिसांच्या ओट्यावर निम्मी रांग पत्र्याखाली होती आणि निम्मी पावसात. काउंटरमागे विनोदिनी पागनीस सहावी 'ब'चे पेपर तपासत बसली होती, पण मघापासून तिची लाल पेन्सिल एकाच उत्तरावर अडली होती.

सिंहस्थ होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. उज्जैनमध्ये गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ उगवले होते, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या होत्या. मुलीच्या जातीने दिवसा शाळेत शिकवावं आणि संध्याकाळी बूथ चालवावा, याचं आता कुणाला नवल वाटत नव्हतं. वाटलं तरी फोन करायला तिच्याकडेच यावं लागायचं, मग बोलणार कोण?

काचेचं दार उघडून तो बाहेर आला. चष्म्यावर वाफ, केसांतून पाणी, हातात भिजलेली मेथीची जुडी.

"लाईन कटली," तो म्हणाला.

"कटली नाही. तुमच्या आवाजाला घाबरून पळाली."

त्याने चष्मा काढला. "तुम्ही मराठी?"

"बाहेर पाटीवर एवढं मोठं पागनीस लिहिलंय."

"मी पाटी वाचली नाही... पाऊस होता ना."

"आणि एवढं ओरडायचंच असेल तर फोन कशाला करून राहिलात? टॉवरच्या चौकात उभं राहून हाक मारली असती तरी पोहोचली असती. कुठे लावला होता?"

"पोर्ट ब्लेअर."

रांगेतला एक गृहस्थ दचकला. "काला पानी? किसको सजा हो गई, भिया?"

"किसीको नहीं. घर बना रहा हूँ."

सगळी रांग खो खो हसली. "क्यूँ भिया, उज्जैन में जगह कम पड़ गई क्या?" विनोदिनीलाही हसू आवरेना. तो बिचारा मेथीची जुडी छातीशी धरून उभाच राहिला. पण गंमत म्हणजे तोही हसत होता. आपल्यावर हसणाऱ्यांत सामील होणारी माणसं विनोदिनीने फार पाहिली नव्हती. तिने पुन्हा नंबर फिरवायला घेतला.

त्याचं नाव यज्ञेश्वर मुंगी. बँकेत होता. वडील अंदमानात सरकारी शाळेत मास्तर म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. हा शिकायला मावशीकडे उज्जैनला आला, पुढे इथेच बँकेत चिकटला. वडिलांनी समुद्रासमोरच्या टेकडीवर तुकडा घेऊन जोत्यापर्यंत काम आणलं आणि एक दिवस वर्गातच कोसळले. सरकारी क्वार्टर सुटलं. आई, म्हणजे माई, एका बंगाली शेजाऱ्याच्या मागच्या खोलीत राहत होत्या. उज्जैनला या म्हटलं तर येत नव्हत्या. घर व्हायचं, मग यज्ञेश्वरची तिकडच्या शाखेत बदली व्हायची, मग माईंना हक्काचं छप्पर मिळायचं, असा सगळा हिशेब होता.

माणूस घर बांधतो तेव्हा रोज साईटवर जाऊन भिंतीवर पाणी मारतो, मिस्त्रीशी भांडतो, चुकलेली वीट काढायला लावतो. या माणसाची साईट समुद्रापलीकडे. तो बँकेतून सुटायचा, मावशीचा गॅस सिलिंडर सायकलवर टाकायचा, दळण ठेवायचा, आणि बूथवर येऊन सांगायचा, की दारावरचं लिंटल एक हात वर घ्या. मद्रासहून सिमेंटचं जहाज आलं नाही की इकडे त्याचा घास अडायचा. एकदा मावसभावाच्या वरातीतून फेट्यासकट धावत आला होता. का, तर आज स्लॅब होती.

दिवसा मात्र कंत्राटदार करुणाकरनचा फोन यायचा तेव्हा यज्ञेश्वर बँकेत असायचा. मग निरोप विनोदिनी घ्यायची. निरोप घेता घेता ती प्रश्न विचारायला लागली, आणि प्रश्न विचारता विचारता दटावायला.

"करुणाकरन म्हणून राहिला होता, खिडकी लहान करू. मी नाही म्हटलं."

"तुम्ही... परस्पर?"

"समुद्रासमोर घर आणि खिडकी पोस्टाच्या पेटीएवढी? माईंनी काय डोळा लावून बघायचं?"

"मग केवढी सांगितलीत?"

"दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढी," विनोदिनी म्हणून गेली, आणि मग उगीचच काउंटरवरचं फडकं झटकायला लागली. जाताना तो छत्री विसरून गेला, आणि त्या दिवशी पाऊसही नव्हता.

बारा फूट म्हणजे नक्की किती हे त्याला कागदावरून कळेना, तेव्हा एका रविवारी तिने शाळेतला खडू आणला आणि मागच्या अंगणात अख्खं घर आखलं. ही बैठक, हे स्वयंपाकघर, ही माईंची खोली. विनोदिनीचे वडील, तात्या, व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर बसून बघत होते. तात्या रेल्वेत गार्ड होते. अर्धांगाच्या झटक्याने डावं अंग गेलं तेव्हापासून त्यांची सगळी गाडी जिभेवर चालायची.

"अरे मुंगी, भिंतीतून कुठे शिरतोस? दाराने ये."

यज्ञेश्वर मागे फिरला, खडूच्या दारापाशी थांबला आणि हवेत टकटक केलं.

"कोण आहे?" विनोदिनीने आतून विचारलं.

"घरमालक."

"घरात मालकीण आहे, तिला विचारून सांगते," ती म्हणाली आणि जीभ चावली. तात्यांनी मान वळवून लिंबाच्या झाडाकडे बघण्याचा बहाणा केला, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

प्रेमाला म्हणे डोळे नसतात. इथे डोळे होते, कान होते, आणि रांगेतली तमाम जनता होती. "दीदी, आपके अंडमानवाले आए नहीं आज?" असं समोर गाडीवर कंद तळून विकणारा गराडूवालासुद्धा विचारायचा. विनोदिनी रागवायची आणि त्याच्याकडून जास्तीचं लिंबू पिळून घ्यायची. सव्विसावं सरलेलं, दोन स्थळं "वडिलांचं पुढे कोण बघणार" या प्रश्नावर मोडलेली. तिने ते दार आतून कडी लावून बंद केलं होतं. आता हा कोण कुठला मुंगी रोज त्या दारावर टकटक करत होता.

माईंशीही तिची ओळख झाली ती फोनवरच. शब्द उपग्रहावरून, म्हणजे आभाळात जाऊन यायचे, त्यामुळे दोघींचं बोलणं एकमेकींवर आपटायचं आणि दोघी हसायच्या.

"विनू, तू ये गं एकदा," माई म्हणायच्या. "इथे रात्री लाटांचा आवाज येतो. हे गेल्यावर त्यांच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या. आवाज आला नाही तर मला झोपच लागत नाही बघ."

पाऊस आला आणि गेला. इकडे गणपती बसले, उठले. तिकडे छप्पर झालं, फरशी व्हायची राहिली. आणि शरदातल्या एका दुपारी करुणाकरनचा फोन आला.

"दीदी, साहबको पूछना, पीछेवाले कमरे का दरवाजा कितना चौड़ा रखना है? और उन्होंने बोला है, उस कमरे में चौखट नीचे नहीं लगाना, जमीन एकदम बराबर. पक्का ना? पानी अंदर आएगा."

"कौन सा पीछेवाला कमरा? तीन ही तो कमरे हैं."

"नहीं दीदी. चौथा बोला है साहबने, चिट्ठी में. दरवाजा इतना चौड़ा कि पहियेवाली कुर्सी निकल जाए."

विनोदिनीने रिसीव्हर ठेवला. मग पुन्हा उचलला, नुसताच कानाला लावला, आणि पुन्हा ठेवला.

संध्याकाळी तो आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चौथ्या खोलीचा दरवाजा किती रुंद, विचारलंय."

यज्ञेश्वरचा चेहरा पाटी पुसल्यासारखा झाला. "ते... मी सांगणार होतो."

"कोणाची खोली आहे ती?"

"तात्यांची."

"तात्यांना विचारलं?"

"आधी तात्यांच्या मुलीला विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"भीती वाटते," तो म्हणाला. "तुम्ही फार पटकन उत्तर देता."

बाहेर कुणीतरी काच ठोठावत होतं. विनोदिनीचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. दोन्ही एकदम कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं, पण होत होतं. "साडेतीन फूट सांगा," ती म्हणाली. "खुर्ची आरामात जाईल. आणि... तुम्ही-तुम्ही काय करून राहिलास? तू म्हण."

तात्यांना तिने रात्रीच्या जेवणाला सांगितलं, घास भरवता भरवता. वाटलं होतं कटकट करतील. तात्यांनी घास गिळला आणि उजवा हात उंच केला. "गार्ड माणूस मी. हिरवा बावटा. गाडी सोड."

"तात्या, जहाज आहे. तीन-चार दिवस पाणीच पाणी."

"मग काय झालं? रतलामच्या पुढे काय ते बघायचंच राहिलं होतं."

पुढचे काही आठवडे विनोदिनीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे इथे सांगून टाकायला हवं. तिने टॉवरपाशी बांगड्यांच्या दुकानात निळ्या बांगड्या घेतल्या. वर्गात शिकवताना फळ्यावर मध्येच थांबायची आणि मुली खुसखुसायच्या. इंदूरला दिलेल्या थोरल्या बहिणीने, अलकाताईने, फोनवर बोल बोल बोलून घेतलं आणि शेवटी रडली. तात्या येईल त्याला सांगत सुटले होते, "आम्ही चाललो काळ्या पाण्यावर. गुन्हा? पोरीचा बाप असण्याचा."

कार्तिकात एका सकाळी तात्या म्हणाले, "मला रामघाटावर ने." तिने ओळखीचा टेम्पो बोलावला, खुर्ची चढवली. घाटावर विष्णू गुरुजी आपल्या छत्रीखाली पाट मांडून बसले होते. गुरुजी आणि तात्या लहानपणी बरोबर पोहायला शिकलेले. तात्यांनी विनोदिनीला तांब्या देऊन पाणी आणायला धाडलं. थंडी होती. दिवे सोडणाऱ्या बायकांची पायऱ्यांवर गर्दी होती. ती तांब्या भरून वर आली तर दोन्ही म्हातारे तिच्याकडे पाठ करून बोलत होते.

"विष्णू, एक वचन दे," तात्या म्हणत होते. "तिकडे माझं जे काय होईल ते होईल. पण मूठभर का होईना, इथे आणून टाक. हिच्या आईला इथेच सोडलंय आपण. मी त्या खाऱ्या पाण्यात एकटा काय करू रे?"

"लोक मरायला इथे येतात, आणि तू निघालास!" गुरुजी चिडले. "नको वाटतंय तर जातोस कशाला? नाही म्हण ना पोरीला."

तात्यांचे खांदे हलत होते. एक खांदा हलत होता, खरं म्हणजे.

"पोरगी हसायला लागली आहे रे," ते म्हणाले. "तिची आई गेल्यापासून पहिल्यांदा घरात हसून राहिली आहे. कसं नाही म्हणू?"

विनोदिनी दोन पायऱ्या खाली उतरली, तांब्यातलं पाणी नदीत ओतलं, पुन्हा भरलं, आणि मुद्दाम पैंजण वाजवत वर आली. तात्यांनी तिच्या हातून तोंड धुऊन घेतलं, म्हणजे मग ओले डोळे कुणाला दिसले नाहीत. तिचेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने यज्ञेश्वरला अंगणात बोलावलं. खडूच्या रेघा पावसाने केव्हाच धुऊन नेल्या होत्या.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

तो थट्टा समजून हसला. मग हसू तसंच राहिलं. "तात्या तर हो म्हणाले ना?"

"म्हणूनच." तिने घाटावरचं सगळं सांगितलं. "नाही म्हणाले असते तर भांडले असते मी. रुसले असते, उपाशी राहिले असते. ते हो म्हणून बसलेत, यज्ञेश. आता कुणाशी भांडू?"

"मग मी इथे राहतो. बदली रद्द करून टाकतो उद्याच."

"आणि माई?"

त्याने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"त्या आल्या नाहीत तुझ्या सांगण्यावरून. येणारही नाहीत. तुझे वडील त्या पाण्यात आहेत, माझी आई या पाण्यात. आपण दोघं कुठे जाणार होतो, वेड्या?"

"थांबतो मी, विनू. घर होऊ दे, तिकडे जातो, माईंना बघतो... आणि वाट बघतो. कितीही वर्षं."

"कशाची?"

त्याने मान खाली घातली.

"बोल ना, कशाची वाट बघशील?" विनोदिनीचा आवाज फाटला. "माझ्या बापाच्या मरणाची? मी सकाळी त्यांना तेल लावीन, दूध पाजीन, आणि तिकडे तू दिवस मोजशील? मग एखाद्या दिवशी मीही मोजायला लागीन, यज्ञेश. ते नाही चालणार. माझ्यावर प्रेम आहे ना तुझं? मग वाट बघू नकोस."

तो रडला. पुरुषासारखा पुरुष, मावशीच्या घरी न्यायची भाजीची पिशवी हातात धरून अंगणात उभा राहून रडला. तिने त्याला जवळ घेतलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. त्याच्या खांद्याला गव्हाच्या पिठाचा वास येत होता, येताना गिरणीत जाऊन आला असणार.

तात्यांना तिने सांगितलं, "मलाच समुद्राची भीती वाटते." तात्यांनी तिच्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. खरं काय ते त्यांना कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे दाखवलं तर पोरीचं केलेलं सगळं वाया जाईल, हेही कळलं होतं. "मलाही वाटतच होती," एवढंच ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मार्गशीर्षात यज्ञेश्वर गेला. माघात वास्तुशांत ठरली. बेटावर आपल्या पद्धतीचा गुरुजी मिळेना, आणि माई हटून बसल्या, की मंत्र उज्जैनचेच हवेत. तेव्हा विष्णू गुरुजी सोवळं नेसून बूथमध्ये स्टुलावर बसले, मांडीवर पोथी, कानाला रिसीव्हर. तिकडे बंगाली शेजाऱ्याचा फोन लांब तार लावून खिडकीतून नव्या घरात आणला होता. विनोदिनीने रांगेला त्या सकाळी सुट्टी दिली आणि नंबर लावला. आधी माई बोलल्या. "तात्यांची खोली तशीच ठेवली आहे गं. तिथे काही सामान ठेवायला हात होत नाही."

गुरुजींनी सुरुवात केली. संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगावं लागतं. आयुष्यभराची सवय, गुरुजी खणखणीत आवाजात म्हणून गेले, "अवंतिकाक्षेत्रे, क्षिप्रातीरे..." आणि पलीकडून यज्ञेश्वरनेही तसंच म्हटलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. "हात्तिच्या! समुद्रकाठचं घर क्षिप्रेवर आणून बसवलं! पुन्हा म्हणा, यजमान. थांबा... गडबडीत मी विचारलंच नाही. सपत्नीक बसायचं असतं. पत्नी उजव्या हाताला." मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नसेल तर शास्त्रात सोय आहे. उजवीकडे पाटावर एक सुपारी ठेवा. पत्नी म्हणून."

"ठेवली का?" गुरुजींनी विचारलं. मग ऐकत राहिले, आणि रिसीव्हर विनोदिनीपुढे धरला. "तुझ्याशी बोलायचं म्हणतोय."

"विनू." त्याचा आवाज अगदी कानात आला. "गुरुजी म्हणतात सुपारी ठेव... ठेवू का?"

तो काय विचारत होता ते तिला पुरतं कळलं. ती नुसतं नको म्हणाली असती तर तो तसाच पाटावरून उठला असता, घर, माई, बदली, सगळं अर्ध्यावर टाकून. तिने काचेतून बाहेर पाहिलं. तात्या ओट्यावर खुर्चीत बसले होते, ऐकू येत नसल्यासारखा रस्त्याकडे चेहरा करून, आणि चांगल्या हाताने खुर्चीचं चाक घट्ट धरून.

"ठेव," ती म्हणाली.

तिकडे पाट सरकल्याचा आवाज आला. मग यज्ञेश्वरचा आवाज. "घरंगळतेय गं. करुणाकरनच्या फरशीला उतार आहे."

"खाली तांदूळ घाल मूठभर." तिने एकेक शब्द नीट सांगितला. "तांदळावर ठेव. मग राहील."

"...राहिली."

विनोदिनीने रिसीव्हर गुरुजींच्या हातात दिला, ओट्यावर आली आणि तात्यांच्या पायाशी बसून भर रस्त्यासमोर हमसून हमसून रडली. तात्यांनी चाक सोडून तो हात तिच्या डोक्यावर ठेवला. आत गुरुजींनी संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.